मावेजा नको, तळं द्या

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात मी एक गोष्ट सांगायला घेतली, अमेरिकेतल्या एका आदिवासी गावाची, आणि पाच मिनिटं पण झाली नसतील तर मागच्या बाकावरच्या एका पोरीनं मधेच विचारलं, "मॅडम, पण त्यायला मावेजा भेटला असंल ना?"

मराठवाड्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जमीन रस्त्यात गेली, धरणात गेली, कॅनॉलमध्ये गेली की पहिला शब्द मावेजा, म्हणजे गेलेल्या जमिनीची भरपाई. किती भेटला, कधी भेटला, वाढीव मावेजाची केस कोर्टात टाकली का, भावाभावात वाटणी झाली का नाही, लेकरं हे ऐकत ऐकतच मोठी होतात. त्यामुळं तेरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी हा शब्द आला याचं मला नवल वाटलं नाही, पण प्रश्न मात्र डोक्यात राहून गेला, कारण मी ज्या लोकांची गोष्ट सांगत होते त्यांना मावेजा मिळत होता आणि त्यांनी तो घेतलाच नाही. १९०६ मध्ये जमीन गेली, १९७० मध्ये परत आली, मधली चौसष्ट वर्षं ते एकच वाक्य बोलत राहिले की पैसे नकोत, आमची जागा द्या. म्हणून हे पूर्ण प्रकरण एकदा नीट लिहून काढतेय, आठवी-नववीच्या लेकरांना वाचता येईल असं, आणि वर्गात काय काय झालं तेही मधेमधे येईल, कारण ते सोडून मला हे सांगताच येणार नाही.

आधी गाव कसं आहे ते बघू.

अमेरिकेच्या नैऋत्येला न्यू मेक्सिको नावाचं राज्य आहे, कोरडं, उन्हाचं, लांबलांब पसरलेलं माळरान आणि मागं उंच डोंगर. त्या डोंगराच्या पायथ्याला टाओस पुएब्लो हे गाव आहे. माती आणि काड मिसळून केलेल्या कच्च्या विटांची घरं, एकावर एक चढवत नेलेली, काही ठिकाणी चार-पाच मजल्यांपर्यंत, आणि वर सपाट मातीचं छत. फोटो दाखवला तर पोरं म्हणाली, "मॅडम, हे तर माळवद आहे!" खरंच माळवदच आहे ते. आपल्याकडं जसं पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची असते तसं तिथले लोक दरवर्षी भिंतींना मातीचा गिलावा देतात, आणि सुमारे हजार वर्षं तिथं लोक राहतायत. १९९२ मध्ये युनेस्कोनं ते गाव जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. गावाच्या मधून एक छोटी नदी वाहते, नदीच्या उत्तरेला घरांचा एक ढीग आणि दक्षिणेला दुसरा. पिण्याचं पाणी, शेतीचं पाणी सगळं त्या नदीचं.

आणि ती नदी जिथून निघते ते ब्लू लेक, निळं तळं. डोंगरात सव्वाअकरा हजार फुटांच्या वर. आपलं कळसूबाई साडेपाच हजाराच्या आत आहे, म्हणजे त्याच्या दुप्पट उंचीवर. तळं काही फार मोठं नाही. पण टाओसच्या लोकांसाठी ते सगळ्याचं मूळ आहे, त्यांचे पूर्वज तिथून आले, मेल्यावर आत्मे तिथं जातात असं ते मानतात, आणि दर ऑगस्टमध्ये गावातले लोक, पोराबाळांसकट, डोंगर चढून तिथं जातात. तिथं काय करतात हे बाहेरच्या माणसाला सांगत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं याच गोष्टीनं त्यांना फार छळलं.

जमीन गेली कशी? लढाईत नाही गेली. कुणी बंदूक घेऊन आलं नाही. आधी त्या भागावर स्पेनचं राज्य होतं, मग मेक्सिकोचं, मग १८४८ च्या तहानं तो मुलूख अमेरिकेकडं गेला आणि त्या तहात तिथल्या लोकांची मालमत्ता राखली जाईल असं लिहिलेलं होतं. तीन राज्यं बदलली पण तळं गावाकडंच राहिलं. मग १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या सरकारनं जंगल वाचवायचं म्हणून तो सगळा डोंगर सरकारी राखीव जंगलात टाकला. सही झाली आणि विषय संपला. गावाला विचारलं नाही, पैसे दिले नाहीत. दोन वर्षांनी तो भाग कार्सन नॅशनल फॉरेस्ट झाला. म्हणजे सकाळी माणूस उठला तेव्हा डोंगर तोच होता, नदी तीच होती, फक्त कागदावर मालक बदलला होता.

इथं आमच्या वर्गातला एक पोरगा, कोलामपोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून येणारा, हळूच म्हणाला, "फॉरेस्टवाल्यायनं घेतली." बाकीची पोरं हसली नाहीत. आमच्या किनवट भागात हे वाक्य हसण्यासारखं नाही.

फॉरेस्टच्या बाजूनं पण बोललं पाहिजे, नाहीतर प्रकरण एकतर्फी होईल. त्या काळात अमेरिकेत लाकडाच्या कंपन्या आणि गुरं पाळणारे मोठे लोक डोंगरच्या डोंगर उघडे बोडके करत होते, जंगल राखीव करणारी माणसं ते थांबवायला निघाली होती, आणि त्यांची कळकळ खोटी नव्हती. पण जे जंगल टाओसच्या लोकांनी शेकडो वर्षं सांभाळलं होतं, त्याला वाचवायचं म्हणून त्यांच्याच हातातून काढून घेतलं यातली चूक त्यांना दिसली नाही, किंवा दिसून चालवून घेतली. मला यातलं दुसरं जास्त खरं वाटतं.

सुरुवातीची काही वर्षं तिथल्या अधिकाऱ्यांनी गावकऱ्यांना तळ्याकडं मोकळं येऊ-जाऊ दिलं, म्हणून लोकांना वाटलं चाललंय ते बरं चाललंय. मग हळूहळू बदललं. दुसऱ्यांच्या गुरांना चराईचे परमिट मिळाले, पायवाटा आखल्या, तळ्यात ट्राऊट जातीचे मासे आणून सोडले म्हणजे शहरातल्या लोकांना गळ टाकून बसता येईल, तळ्याजवळ फॉरेस्टची केबिन उभी राहिली. कॅम्पिंगवाले यायला लागले आणि मागं कचरा ठेवून जायला लागले. पोरांनी विचारलं की यात एवढं वाईट काय, मासेच तर सोडले. मी म्हटलं, समजा माहूरगडावर रेणुकामातेच्या गाभाऱ्याच्या दारात कुणी तंबू ठोकला, चूल पेटवली, उरलेलं जेवण तिथंच फेकलं आणि वर तुम्हालाच विचारलं की दर्शनाचा पास आहे का, तर? वर्ग एकदम गप्प झाला.

पासचं मी वाढवून सांगितलं नाही. १९३३ मध्ये कायदा होऊन १९४० मध्ये गावाला पन्नास वर्षांचं परमिट मिळालं आणि त्यात ऑगस्टमधले तीन दिवस तळं फक्त गावकऱ्यांचं. वर्षाचे तीन दिवस. आपल्याच देवाकडं जायला आपल्याच डोंगरावर तीन दिवसांची परवानगी.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे आणि मला ती या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात जास्त लागते. १९२४ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं पुएब्लो, म्हणजे टाओससारख्या आदिवासी गावांच्या जमिनींचे वाद मिटवायला एक बोर्ड नेमलं. टाओस नावाचं जे शहर शेजारी वसलं होतं ते पण खरं तर या गावाच्याच जमिनीवर, आणि त्या जमिनीपोटी गावाला सुमारे तीन लाख डॉलर मिळायचे होते. त्या काळातले तीन लाख! गावकऱ्यांनी १९२६ मध्ये बोर्डाला सांगितलं की हे पैसे आम्ही सोडतो, शहर पण राहू द्या त्यांच्याकडं, त्याच्या बदल्यात फक्त ब्लू लेक आमच्या नावावर करा. बोर्डानं काय केलं? पैसे सोडले ही गोष्ट धरली, आणि तळं दिलं नाही. पैसे पण गेले, तळं पण गेलं.

मावेजाचा प्रश्न विचारणारी पोरगी यावर म्हणाली, "मग त्यायनं भांडण नाही केलं?" केलं की. पण कसं केलं ते बघण्यासारखं आहे. गावच्या लोकांनी काही जाळलं नाही, कुणाला मारलं नाही. पिढीमागं पिढी तीच मागणी घेऊन माणसं सरकारच्या दारात जात राहिली, अर्ज, पत्रं, साक्षी, परत अर्ज. एक म्हातारा गेला की त्याच्या जागी दुसरा जायचा आणि तेच बोलायचा.

१९४६ मध्ये अमेरिकेनं आदिवासींच्या जमिनींच्या तक्रारी ऐकायला इंडियन क्लेम्स कमिशन नावाचं एक न्यायालयासारखं मंडळ काढलं. १९५१ मध्ये टाओसनं तिथं दावा लावला. निकाल यायला चौदा वर्षं लागली. १९६५ मध्ये कमिशननं स्पष्ट सांगितलं की होय, ही जमीन या लोकांचीच होती आणि सरकारनं ती मोबदला न देता घेतली. आता इथं खरी अडचण आली. कमिशनला जमीन परत द्यायचा अधिकारच नव्हता, ते फक्त पैसे देऊ शकत होतं. म्हणजे कोर्ट म्हणतंय तुमचं बरोबर आहे, तुमच्यावर अन्याय झाला, हा घ्या चेक. आणि चेक घेतला की दावा कायमचा संपला.

गावानं ब्लू लेकचे पैसे घ्यायला नकार दिला.

इथं मला माझ्या आजीचं सांगायचंय. माझं माहेर पैठणकडचं. जायकवाडीचं भूमिपूजन १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हातानं झालं, धरणाचं उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी केलं, आणि मधल्या वर्षांत आमचं गाव नाथसागराखाली गेलं. आम्ही काही आदिवासी नाही, आणि धरणाच्या पाण्यावर किती शिवारं भिजली ते मला माहितीय, त्यामुळं आमची गोष्ट आणि टाओसची गोष्ट एकच आहे असं मी म्हणणार नाही. पण मावेजा घेतलेल्या माणसाच्या घरात मी वाढले. नव्या गावठाणात देवीचं नवं देऊळ झालं, मूर्ती बैलगाडीतून वाजतगाजत आणली होती म्हणे. आजी नवरात्रात तिथं जायची, सगळं करायची. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती आम्हा पोरींना घेऊन काठाकाठानं गाळात चालत जायची, चपला हातात, लुगडं खोचलेलं, आणि जिथं जुन्या देवळाचा चौथरा असावा असं तिला वाटायचं तिथं पाण्यात हळदकुंकू सोडायची. मी विचारलं की देवी तर आपण इकडं आणली ना, तर म्हणाली, "मूर्ती आणली गं बाई, ठाणं कसं आणायचं?"

एका दुष्काळाच्या वर्षी पाणी इतकं मागं गेलं की चौथरा खरंच उघडा पडला. तेव्हा कळलं की आजी इतकी वर्षं वीस-पंचवीस पावलं चुकत होती. ती तिथं दगडावर बसली आणि किती तरी वेळ हातानं गाळ बाजूला करत राहिली, बोटं भेगेत घालून घालून. घरी आल्यावर तिच्या नखातला गाळ आईनं ब्रशनं काढला. मला टाओसच्या लोकांनी चेक का नाकारला हे पुस्तकातून नाही कळलं, आजीच्या नखांमुळं कळलं.

हे मी वर्गात सांगितलं. मग पुढं गेलो.

पैसे नाकारले तर मग जमीन कोण देणार? फक्त संसद. म्हणजे खासदारांना पटवायचं, कायदा करून घ्यायचा. आणि इथं ती गुपिताची अडचण आली. खासदार विचारायचे, तुम्ही तिथं नक्की काय करता ते सांगा, मग ठरवू की एवढी जमीन लागते का नाही. आणि गावच्या धर्मात तर ते बाहेर सांगणंच वर्ज्य. सांगितलं तर जे वाचवायचं तेच मोडतं, नाही सांगितलं तर समोरचा म्हणतो पुरावा कुठाय. तळं हे आमचं देऊळ आहे, चर्च आहे, एवढंच ते परत परत सांगत राहिले, आणि भोवतीचं जंगल, झरे, नदीचं खोरं हे सगळं मिळून ते देऊळ आहे.

हे मला फार अवघड पडेल असं वाटलं होतं पोरांना समजवायला. पण गोंड समाजाचा एक पोरगा उठून म्हणाला, "आमच्या पेनचं ठाणं बी परक्याला दाखवत नाहीत मॅडम." पेन म्हणजे गोंडांचा देव. एवढं बोलून पोरगा बसला. माझं अर्ध्या तासाचं काम त्यानं एका वाक्यात केलं.

संसदेत विरोध करणारे कमी नव्हते. न्यू मेक्सिकोचेच सिनेटर क्लिंटन अँडरसन, मोठं वजन असलेला माणूस, त्यांचं म्हणणं असं की एकदा एका टोळीला जमीन परत दिली की उद्या सगळ्या देशातले आदिवासी दारात उभे राहतील, आणि सार्वजनिक जंगल हे सगळ्यांचं असतं. त्यांची तडजोड अशी होती की तळ्याभोवतीचा छोटा तुकडा घ्या आणि बाकी डोंगर फॉरेस्टकडं राहू द्या. व्यवहारी माणूस म्हणेल, घ्या की, काहीच नसल्यापेक्षा बरं. गाव नाही म्हणालं. नदी काय फक्त तळ्यातून वाहते का, वरचं झाड तोडलं तर खालचं पाणी राहतं का? मागणी पूर्ण खोऱ्याची होती, ४८ हजार एकर, आणि ती तेवढीच राहिली. ४८ हजार एकर म्हणजे किती ते पोरांना सांगायला मी नाथसागर घेतला, तो काठोकाठ भरल्यावर जेवढा पसरतो त्याच्या निम्म्याहून जरा जास्त.

१९६८ मध्ये खालच्या सभागृहानं, म्हणजे हाऊसनं, जमीन परत द्यायचं बिल एकमतानं मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडकून मेलं. पुढच्या वर्षी परत नवीन बिल, परत पहिल्यापासून. या वेळी हवा बदललेली होती. काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीनं देश हलवून सोडला होता, आदिवासी तरुण पण रस्त्यावर यायला लागले होते, चर्चच्या संघटना टाओसच्या बाजूनं बोलायला लागल्या कारण हा धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न आहे हे त्यांना पटलं. ओक्लाहोमाचे सिनेटर फ्रेड हॅरिस यांनी प्रकरण उचलून धरलं, त्यांच्या पत्नी लाडोना हॅरिस स्वतः कोमांची जमातीच्या, त्यांनी पण खूप पळापळ केली. आणि गंमत बघा, हॅरिस एका पक्षाचे आणि राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन दुसऱ्या पक्षाचे, तरी निक्सन यांनी ८ जुलै १९७० ला संसदेला जो संदेश पाठवला त्यात आदिवासींना आपला कारभार आपण करू द्या असं धोरण मांडलं आणि ब्लू लेक परत द्या असं सरळ नाव घेऊन सांगितलं.

२ डिसेंबर १९७० ला सिनेटमध्ये मतदान झालं. ७० विरुद्ध १२. १५ डिसेंबरला व्हाईट हाऊसमध्ये निक्सन यांनी सही केली.

सहीच्या वेळी गावचे धर्मप्रमुख हुआन दे हेसुस रोमेरो हजर होते. या पदाला तिथं कसिके म्हणतात, आमच्या पोरांनी लगेच ओळखलं, "म्हणजे देवारी." वय नव्वदीच्या घरात. हिशोब मांडा, १९०६ मध्ये जमीन गेली तेव्हा हा माणूस ऐन पंचविशीतला, म्हणजे गेली कशी ते त्यानं डोळ्यानं बघितलं आणि परत आली ते पण डोळ्यानं बघितलं. ते आपल्या भाषेत बोलले आणि गावचे पॉल बर्नाल यांनी त्याचं इंग्रजी करून सांगितलं. देशाच्या सगळ्यात मोठ्या ऑफिसात त्या दिवशी दुभाष्याची गरज राष्ट्राध्यक्षाला पडली. मला हे फार आवडतं.

त्याच्याबरोबरचे किती तरी लोक मधल्या काळात गेले. ज्यांनी १९२६ ला तीन लाख डॉलर सोडले त्यातल्या बहुतेकांना परत आलेलं तळं दिसलं नाही. चौसष्ट वर्षं ही कौतुकाची गोष्ट नाही, ती उशीर आहे, आणि उशीर हा पण अन्यायच असतो. असं प्रकरण सांगताना आपण चिकाटी चिकाटी म्हणत बसतो आणि ती चिकाटी लावायला भाग कुणी पाडलं ते विसरतो.

आता यश का आलं यावर माझं मत. वकिली हुशारी होती, मित्र चांगले मिळाले, वेळ बरोबर होती, हे सगळं खरं. कमिशनच्या १९६५ च्या निकालाचा उपयोग पण मोठा, कारण जमीन कुणाची होती हा वाद त्या दिवशी संपला. पण खरा दम त्या नकारात होता असं मला वाटतं. एकदा जरी त्यांनी चेक वटवला असता तर कुणीही म्हटलं असतं, बघा, किंमत ठरली. त्यांनी किंमत ठरूच दिली नाही. अमेरिकेतल्याच लकोटा आदिवासींचं उदाहरण पण असंच आहे, त्यांचे ब्लॅक हिल्स डोंगर १८७७ मध्ये सरकारनं घेतले, १९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई मान्य केली, ती रक्कम व्याजानं वाढत वाढत शंभर कोटींच्या पुढं गेली, पण त्यांनी अजून हात लावलेला नाही. त्यांना डोंगर अजून मिळाले नाहीत. म्हणजे नकार दिला की जमीन येतेच असं नाही, हे पण पोरांना सांगितलं पाहिजे, खोटी आशा देऊन काय करायचं.

टाओसची जमीन आज सरकार त्यांच्या वतीनं विश्वस्त म्हणून धरून आहे, वापर गावाचा, आणि जंगल जसं आहे तसं ठेवायचं असं कायद्यातच लिहिलंय. बाहेरच्यांना तळ्यावर बंदी. तळ्याकडं जायच्या वाटेवरचा एक तुकडा १९७० च्या कायद्यातून सुटला होता, ७६४ एकर, तो पण त्यांनी मागं लागून १९९६ मध्ये मिळवला. पोरं म्हणाली एवढं मिळाल्यावर तेवढ्यासाठी आणखी सव्वीस वर्षं? सातबाऱ्यावरची दोन गुंठं सुटली तर तुमचे आजोबा तलाठ्याकडं चकरा मारतात का नाही, असं विचारल्यावर सगळे हसले.

मग साहजिकच गाडी घराकडं वळली. आमचा किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि त्याच आदिलाबादमध्ये कुमराम भीम नावाचा गोंड माणूस निझामाच्या राजवटीविरुद्ध उभा राहिला, कारण तेच, जंगल राखीव करून गोंडांना त्यांच्या शेतातून हुसकत होते. १९४० मध्ये जोडेघाटला निझामाच्या पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. जल, जंगल, जमीन ही घोषणा त्याच्या नावानं आजही दिली जाते. म्हणजे टाओसचे लोक जेव्हा तीन दिवसांचं परमिट हातात घेत होते त्याच वर्षी आमच्या डोंगराच्या पलीकडं हे घडत होतं. फळ्यावर मी १९४० लिहिलं आणि दोन्ही बाजूंना दोन गावांची नावं लिहिली.

कायदे आपल्याकडं पण आहेत आणि ते पोरांना माहीत असले पाहिजेत. महाराष्ट्रात १९७४ च्या कायद्यानं आदिवासींकडून बिगर आदिवासींकडं गेलेली जमीन ठरावीक काळातल्या व्यवहारांपुरती परत देता येते, आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा कायदा योग्य ठरवला. दुसरा २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब कसत आलंय तिचा दावा करता येतो, जास्तीत जास्त चार हेक्टर. दावा आधी ग्रामसभेपुढं येतो, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ऑफिसात नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं, वारसांना जातो पण विकता येत नाही. आणि पुराव्यात काय चालतं ते ऐकून पोरांचे डोळे मोठे झाले, कारण नुसता सरकारी कागदच पाहिजे असं नाही, शेताचा जुना बांध, पडलेलं घर, विहीर, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाची लिहून घेतलेली साक्ष हे सुद्धा पुरावे आहेत.

"म्हणजे माझी आजी पुरावा हाय?" एकानं विचारलं. हो. ती दावा करणाऱ्यांपैकी नसेल तर आहे.

त्याच्यावरून मी एक घरचा अभ्यास दिला. शिवाराचा नकाशा काढायचा, पण गट नंबर टाकायचे नाहीत, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून जागांची नावं टाकायची. आठ दिवसांनी कागदं आली. चाळीस गट नंबरांच्या शिवाराला शंभरावर नावं निघाली. अस्वल बसलं होतं तो खडक, मोहाचं म्हातारं झाड, बाळंतीण झरा, रझाकाराच्या वेळी लोक लपले होते ती घळ. मावेजावाल्या पोरीनं तिच्या पणजोबांचं जुनं शेत दाखवलं होतं, आता तिथं सागाचं प्लँटेशन आहे, आणि तिनं सागाच्या रांगांमधून जुना बांध लाल पेन्सिलनं ओढला होता. मी विचारलं बांध आहे का अजून? म्हणाली, "हाय. मी आबासंग जाऊन पायानं मोजला. एकशे बारा पावलं."

त्या पेनच्या ठाण्याबद्दल बोललेल्या पोराचा नकाशा सगळ्यात नीट होता, नदी निळी, डोंगर तपकिरी, प्रत्येक नावाखाली रेघ. फक्त वरच्या कोपऱ्यात रुपयाएवढी एक जागा कोरी होती, तिथं रंग पण नव्हता. मी म्हटलं हे राहिलं का रे? तर म्हणाला, "राहिलं नाही मॅडम. आजीनं सांगितलं तिथं काही लिहायचं नाही."

मी त्यावर बरोबरची खूण केली आणि नकाशा भिंतीवर लावला.